संगणकावरचा खेळ स्वतः बनवा

संगणकावर किंवा मोबाईलवर खेळणारी मुले आता घरोघरी दिसतात. परंतु तसा खेळ आपणही बनवू शकतो, हे फार थोड्या मुलांना ठाऊक असते. गेल्या वर्षी माझ्या सातवीतल्या मुलीने प्रोग्रॅमिंग शिकण्याचा हट्ट धरला. एका खाजगी क्लासची फी ऐकून मी गप्प बसलो. मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. घरी तरी शिकवणार कोण? शेवटी आम्ही दोघे मिळूनच ‘स्क्रॅच’ शिकलो. विद्यार्थी मित्रांना व पालकांना त्याची माहिती व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

स्क्रॅच अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेस्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले आणि २००७ साली ते सर्वांसाठी खुले झाले. त्याला एक पैसा पडत नाही. एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते, म्हणजे अभ्यासिकेतला एक संगणक पुरे. यात आज्ञा टाईप कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे माऊसने ओढून एकाखाली एक जोडायचे. न जुळणारे ठोकळे एकमेकांत बसतच नाहीत.

आमचा पहिला खेळ अगदी साधा होता. वरून सफरचंद पडते, ते खाली वाडग्यात झेलायचे. दोन्ही चित्रे स्क्रॅचमध्ये तयार मिळतात.

प्रथम रंगमंच समजून घ्यावा. तो ४८० रुंद व ३६० उंच असून शून्य मधोमध असते. उजवीकडे २४० पर्यंत, डावीकडे उणे २४० पर्यंत. वर १८०, खाली उणे १८०. शाळेत रुक्ष वाटणाऱ्या ऋण संख्या मुलीला इथे एका संध्याकाळी उमगल्या!

वाडग्याचे काम सोपे. उजव्या बाणाची कळ दाबली की एक्समध्ये १० मिळवा, डाव्या बाणाला उणे १०.

खरी गंमत सफरचंदात आहे. हिरवा झेंडा दाबताच ‘गुण’ नावाच्या चलाची किंमत शून्य करावी, नाहीतर मागच्या डावाचे गुण तसेच राहतात. मग सफरचंद वर १८० वर न्यावे आणि एक्ससाठी उणे २०० ते २०० मधील कोणतीही संख्या संगणकालाच निवडू द्यावी. यानंतर ‘फॉरएव्हर’, म्हणजे ‘सतत करीत रहा’ हा ठोकळा. त्याच्या पोटात वायमध्ये उणे ५ मिळवा. वाडग्याला स्पर्श झाला तर एक गुण वाढवून सफरचंद पुन्हा वर न्या. वाय उणे १७० हून कमी झाला तर गुण न देता वर न्या. इथे उणे २५० लिहिले तर सफरचंद तळाशीच अडकते, कारण स्क्रॅच चित्राला रंगमंचाबाहेर पूर्णपणे जाऊ देत नाही.

‘फॉरएव्हर’ आम्ही आधी विसरलो होतो. सफरचंद जरासे हलले आणि थांबले. मला वाटले, संगणक बिघडला. वास्तविक त्याने सांगितले तेवढेच, एकदाच केले होते. दुसऱ्या वेळी झेलल्यावर सफरचंद वर न्यायचे राहिले. ते वाडग्याला चिकटून खाली सरकत असल्याने प्रत्येक फेरीत एक गुण वाढे. एकच व्हाउचर चार वेळा खतवावे, तसा प्रकार! बेरीज चुकल्यावर आम्ही कारकून जसे एकेक नोंद तपासतो, तसे एकेक ठोकळा तपासला तेव्हा चूक सापडली. प्रोग्रॅमरही दिवसभर बहुधा हेच करीत असावेत. त्याला गणितात पहिला नंबर लागत नाही, चिकाटी लागते.

पुढचे बदल मुलीने मला न विचारताच केले. दहा गुणांनंतर वेग उणे ५ ऐवजी उणे ८ केला. ‘चुका’ नावाचा दुसरा चल घेतला, आणि तीन सफरचंदे सुटली की सर्व थांबविणारा ठोकळा जोडला. “पप्पा, आता खेळा,” म्हणाली. पहिल्या डावात माझा भोपळा आला. अजूनही माझी मजल वीस गुणांपुढे गेलेली नाही.