कापलेली कोंबडी हा शेतमाल आहे का?

‘तुझा कंट्रोल ग्रुप कुठाय?’ हा प्रश्न पीएचडीच्या पहिल्या वर्षी तुम्हाला हमखास ऐकावा लागणार. प्रयोगशाळेत एक परीक्षानळी बाजूला ठेवता येते. पण एखाद्या कायद्याचा परिणाम मोजायचाय, तर अख्खा देश बाजूला कसा ठेवणार? यावरचं माझं लाडकं उदाहरण अमेरिकेतल्या ट्रकवाहतुकीचं आहे.

1935 च्या मोटर कॅरिअर कायद्याने तिथली आंतरराज्य ट्रकवाहतूक एका केंद्रीय आयोगाच्या ताब्यात गेली. नवा मार्ग हवा असेल तर परवाना काढा, आणि त्यावर जुन्या कंपन्या (रेल्वेसुद्धा!) हरकत घेणार. भाडी कंपन्या एकत्र बसून ठरवत. 1948 मध्ये तर अध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने त्याला संरक्षण दिलं. या जाळ्यातून ज्या थोड्या गोष्टी सुटल्या, त्यात होता कच्चा शेतमाल.

मग वाद पेटला: कापून साफ केलेली कोंबडी शेतमाल की कारखान्याचा माल? न्यायालयं म्हणाली, शेतमालच. 1956 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. गोठवलेल्या भाज्या-फळांनाही त्याच सुमारास सूट मिळाली. रस्ते तेच, माल तोच, नियम तेवढा बदलला. शेती खात्याने भाडी तपासली तेव्हा कोंबडीचं भाडं सुमारे 33 टक्क्यांनी आणि भाज्या-फळांचं 19 टक्क्यांनी उतरलेलं दिसलं. पुढे 1958 मध्ये काँग्रेसने भाज्या-फळं परत नियमांखाली आणली, कोंबडी मात्र मोकळीच राहिली. मुद्दाम आखूनही इतका छान प्रयोग जमला नसता! नियमन उठवा म्हणणारे अर्थतज्ज्ञ हे आकडे वर्षानुवर्षं पुढे करत राहिले, आणि 1 जुलै 1980 रोजी अध्यक्ष कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली.

इथेच मी घसरले. सेमिनारमध्ये हे सगळं मांडून ‘म्हणजे नियमन वाईटच’ असं ठोकून दिलं. मागून एका सीनियरने विचारलं, “भाडं मोजलंस. ड्रायव्हरचा पगार?”

तो काही मोजला नव्हता. मायकेल बेल्झर यांचं 2000 सालचं ‘स्वेटशॉप्स ऑन व्हील्स’ मी त्यानंतर वाचलं. 1980 नंतर ड्रायव्हरांची खरी मिळकत कशी घसरली, याचीच त्यात मांडणी आहे. अनेकांना पैसे मैलांवर मिळतात. गोदामाबाहेर ताटकळलेले तास बहुधा फुकटच जातात. कोंबडीच्या आकड्यांत हा माणूस दिसत नाही, कारण तिथे मोजलं होतं फक्त भाडं. आकडे खोटे नव्हते, माझा निष्कर्ष त्यांच्या पुढे धावला होता.

तुमच्या संशोधन-प्रस्तावात ‘परिणाम’ शब्द जिथे जिथे आलाय, तिथे पेन्सिलीने ‘कुणावर?’ असं लिहून बघा. माझ्या पहिल्या मसुद्यात तीन ठिकाणी उत्तरच नव्हतं.