आपल्या घराला चाहूलदिवा हवा काय?

तिन्हीसांजेला तुळशीवृंदावनात पणती लावायची, देवापुढे समई उजळायची आणि मग घरातले इतर दिवे लावायचे, हा क्रम आमच्या पाळी गावात अजून पुष्कळ घरी पाळला जातो. ह्या सर्व दिव्यांना माणसाचा हात लागतो. परंतु अलीकडे एक निराळाच दिवा घरोघर दिसू लागला आहे. अंगणात पाऊल पडले की तो आपण होऊन लागतो आणि माणूस निघून गेले की थोड्या वेळाने आपण होऊनच मालवतो. बाजारात त्याला 'सेन्सरचा दिवा' म्हणतात. माणसाची चाहूल घेऊन लागणारा म्हणून ह्या लेखापुरते आम्ही त्याला 'चाहूलदिवा' म्हणू. शेजाऱ्याने आणला म्हणून आपणही आणावा, की आपल्या घराची गरज पाहून मग ठरवावे, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हा दिवा चाहूल घेतो तरी कशी, हे पाहिले पाहिजे.

इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल ह्या ज्योतिर्विदाने सूर्यप्रकाशाचे लोलकाने पृथक्करण केले आणि निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तेथेही पारा चढला. ह्या अदृश्य किरणांना आपण अवरक्त किरण म्हणतो. प्रत्येक उष्ण वस्तू असे किरण बाहेर टाकीत असते, आणि आपले शरीरही त्यास अपवाद नाही. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३४ अंश सेल्सिअस असते. त्या तापमानाला बाहेर पडणाऱ्या किरणांत सर्वांत जोरकस किरणांची तरंगलांबी सुमारे ९.४ मायक्रोमीटर असते. डोळ्यांना दिसणारा प्रकाश ०.४ ते ०.७ मायक्रोमीटरच्या दरम्यान असतो, म्हणून अंधारात आपण एकमेकांना दिसत नाही. चाहूलदिव्याला मात्र आपण 'दिसतो'.

दिव्याच्या पुढे जे पांढरे, फुगीर झाकण असते त्याच्या आत ह्या किरणांची दखल घेणारे दोन छोटे घटक शेजारी शेजारी बसविलेले असतात. त्यांची जोडणी परस्परविरुद्ध केलेली असते. दोघांवर सारखीच उष्णता पडली तर एकाचा परिणाम दुसरा नाहीसा करतो आणि दिवा लागत नाही. एकावर आधी व दुसऱ्यावर मागून पडली, तरच विजेचा सूक्ष्म झटका निर्माण होतो आणि दिवा लागतो. पांढरे झाकणही नुसते झाकण नव्हे. ऑगस्तँ फ्रेनेल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दीपगृहांसाठी जे पायरीपायरीचे भिंग शोधून काढले, त्याचाच तो प्लॅस्टिकचा लहान अवतार आहे. त्यामुळे समोरचे अंगण पंख्याच्या पात्यांप्रमाणे अनेक पट्ट्यांत विभागले जाते, आणि माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेला की दिव्याला त्याची चाहूल लागते.

एवढे ध्यानात आले की पुढच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. दिव्यासमोरून आडवे चालणारा माणूस पट्टे भराभर ओलांडतो, म्हणून तो चटकन पकडला जातो. दिव्याच्या रोखाने सरळ चालत येणारा बराच जवळ येईपर्यंत सुटतो. म्हणून पायवाटेच्या टोकाशी वाटेकडे तोंड करून दिवा लावण्यापेक्षा तो वाटेच्या बाजूला लावणे शहाणपणाचे होय. काच हे दीर्घ अवरक्त किरण अडविते, तेव्हा खिडकीच्या काचेआडून हा दिवा बाहेरचे काही पाहू शकत नाही. निश्चल बसलेला माणूस त्याच्या लेखी नसतोच. आणखी एक गोष्ट आपल्या हवेपुरती महत्त्वाची आहे. ह्या दिव्याला अंगाच्या आणि मागच्या पार्श्वभूमीच्या उष्णतेतील फरक हवा असतो. मे महिन्यात दिवसभर तापलेली चिऱ्याची भिंत संध्याकाळी आपल्या अंगाइतकीच ऊन असते, त्यामुळे अशा वेळी दिव्याचा पल्ला कमी होतो. पावसात भिजलेला रेनकोट किंवा डोक्यावरची छत्री ही आजूबाजूच्या हवेइतकीच थंड असतात, म्हणून तेव्हाही चाहूल उशिरा लागते. खोक्यावर छापलेला पल्ला आपल्या अंगणात मिळेलच, असे गृहीत धरू नये.

ह्याच नावाने विकला जाणारा दुसरा एक प्रकार आहे. तो स्वतः सूक्ष्मलहरी सोडतो आणि त्या परत येताना त्यांच्यात पडलेल्या फरकावरून हालचाल ओळखतो. दूर जाणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर ज्या नियमाने उतरतो, तोच क्रिश्चन डॉपलर ह्याने १८४२ साली मांडलेला नियम येथे कामी येतो. हा प्रकार उन्हाळ्यातही फसत नाही. परंतु त्याला पातळ भिंतीपलीकडची हालचालही कळते आणि वाऱ्याने हलणारी केळीची पाने व माडाची झावळेही कळतात. ज्यांच्या मागीलदारी पोफळी-केळींचे कुळागर आहे, त्यांच्याकडे तो रात्रभर लागत आणि मालवत राहील. बंद जिन्यात किंवा छताखाली मात्र तो चांगला.

आता गरजेचा विचार करू. आपल्याकडे जुन्या घरांतून न्हाणी, संडास, विहीर आणि गोठा मागीलदारी असतात. रात्री वृद्ध माणूस उठते, अंधारात भिंत चाचपत बटण शोधते आणि नेमके तेव्हाच उंबऱ्याला ठेच लागते. शेवाळलेल्या पायरीवरून घसरून खुब्याचे हाड मोडले तर म्हाताऱ्या माणसाला अंथरूण धरावे लागते. दुसरे भय सापाचे. फुरसे, घोणस, नाग आणि मण्यार ह्या चार विषारी जातींच्या दंशाने आपल्या देशात फार माणसे दगावतात. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मृत्यू पावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० माणसे, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांडला आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतील होती. पावसाळ्यात अंधारात पाय टाकणे हे ह्या संकटाचे एक मोठे कारण आहे. हातात पाण्याची कळशी किंवा गवताची पेंढी असताना जो दिवा बटणाची वाट न पाहता पायाखालची जमीन दाखवितो, तो अशा घरी चैनीची वस्तू ठरत नाही.

तथापि येथे एक इशारा दिलाच पाहिजे. साप हा शीतरक्ताचा प्राणी आहे. त्याचे अंग भोवतालच्या जमिनीइतकेच उष्ण असते. अवरक्त किरणांवर चालणाऱ्या दिव्याला माणूस, कुत्रा, मांजर, गाय ह्यांची चाहूल लागते. सापाची बहुधा लागत नाही. अंगणात अंधार आहे, म्हणजे अंगण निर्धोक आहे, असे समजणे घातक होय. दिवा आपल्याला वाट दाखवितो, ती पाहून पाऊल टाकण्याचे काम आपलेच. आणि दंश झालाच तर कसलेही उपचार घरी करीत न बसता माणसाला तत्काळ रुग्णालयात नेले पाहिजे.

पुष्कळ लोक हा दिवा विजेची बचत होते म्हणून घेतात. ही बचत किती, हे गणिताने पाहू. ९ वॅटचा एल.ई.डी. दिवा अंगणात रात्रभर, म्हणजे ११ तास जळला तर ९९ वॅट-तास वीज लागते. वर्षाचे झाले सुमारे ३६ युनिट. त्याच जागी तेवढाच चाहूलदिवा लावला आणि तो रात्रीतून एकंदर अर्धा तास जळला, तर ४.५ वॅट-तास लागतील. परंतु हा दिवा मालवलेला असतानाही जागा असतो. त्या पहाऱ्यासाठी अर्धा वॅट धरला तर चोवीस तासांचे १२ वॅट-तास होतात. एकूण १६.५ वॅट-तास, म्हणजे वर्षाला सुमारे ६ युनिट. बचत ३० युनिटांची. वीज खात्याच्या बिलावरील दराने ३० ला गुणावे म्हणजे दिव्याची किंमत किती वर्षांत भरून निघते ते कळेल. आता दुसरे घर घेऊ. तेथील माणसे शिस्तीची. काम झाले की बटण बंद करतात, आणि दिवा रोज एकच तास जळतो. त्यांचा खर्च ९ वॅट-तास. त्यांनी चाहूलदिवा लावला तर तो १६.५ होईल, म्हणजे बचतीऐवजी वाढ! आमच्या हिशेबाने, दिवा रोज सुमारे एक तास पन्नास मिनिटांपेक्षा कमी जळत असेल तर विजेच्या बचतीसाठी चाहूलदिवा घेण्यात अर्थ नाही. आणि ज्या घरी अजून ६० वॅटचा जुना बल्ब रात्रभर जळतो, त्यांनी आधी तो बदलावा. तेवढ्यानेच वर्षाला दोनशेहून अधिक युनिट वाचतात.

जागेची निवडही विचाराने करावी. मागीलदार, न्हाणीची वाट, गोठ्याचे दार, जिना आणि अडगळीची खोली ह्या ठिकाणी माणूस येतो आणि जातो. तेथे हा दिवा शोभतो. अभ्यासाच्या खोलीत तो निरुपयोगी. विद्यार्थी एखाद्या प्रमेयात गढून स्तब्ध बसला की खोलीत कोणी नाही असे समजून दिवा मालवेल, आणि त्याला हातवारे करून आपले अस्तित्व सिद्ध करावे लागेल! स्वयंपाकघरात चुलीची उष्णता त्याला चकविते. अंगणात रात्री कुत्री-मांजरे फार फिरत असतील तर दिवा वारंवार लागेल. तेव्हा तो किंचित वरच्या रोखाने फिरवावा किंवा भिंगाचा खालचा भाग चिकटपट्टीने झाकावा.

लावताना आठ फुटांच्या आसपास उंची ठेवावी आणि काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. बहुतेक दिव्यांना तीन खुंट्या असतात: किती वेळ जळावे, किती अंधार झाल्यावर जागे व्हावे आणि चाहूल किती दुरून घ्यावी. म्हाताऱ्या माणसाच्या चालीला पुरेल इतका वेळ, निदान दोन मिनिटे, ठेवावा. वाटेच्या मध्यावर दिवा मालवणे हे दिवा नसण्याहून वाईट. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून बाहेरचा दिवा पाण्याच्या फवाऱ्यास दाद न देणारा असावा. आमच्या डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यात लाल धूळही कमी नाही. ती भिंगावर बसली की दिव्याची नजर मंदावते. महिन्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने भिंग पुसावे. उन्हावर चालणारे चाहूलदिवे ऑक्टोबर ते मेपर्यंत चांगले चालतात, परंतु आषाढ-श्रावणात आकाश दिवसेंदिवस झाकलेले असते तेव्हा त्यांची बॅटरी पुरती भरत नाही. विजेवरचा दिवा तर तारेवर झाड पडले की गप्पच होतो. म्हणून दाराशी टॉर्च ठेवण्याची चाल सोडू नये.

शेवटी शेजारधर्म. दिव्याचा झोत शेजाऱ्याच्या खिडकीत न पडता खाली, आपल्या पायवाटेवर पडावा. पहिल्या पावसाच्या सुमारास झाडांवर लुकलुकणारे काजवे एकमेकांना प्रकाशानेच हाका मारतात. प्रखर दिव्यात त्या हाका हरवतात. रात्रभर जळणाऱ्या दिव्यापेक्षा काम संपताच मालवणारा दिवा त्यांना कमी उपद्रव देतो, हाही त्याचा एक गुणच.

तेव्हा चाहूलदिवा घेण्यापूर्वी एक आठवडाभर घरातल्या माणसांनी रात्री कोण, किती वेळा, कोठून कोठे जाते आणि दिवा किती तास जळतो, ह्याची वहीत नोंद ठेवावी. हे काम घरातल्या शाळकरी मुलामुलींनी अंगावर घ्यावे, अशी आमची सूचना आहे. ज्या घरी रात्री मागीलदारी जाणारी म्हातारी माणसे आहेत, तेथे हिशेब काहीही सांगो, एक दिवा त्या वाटेवर लावावा. जेथे तशी गरज नाही आणि बटण बंद करण्याची सवय आहे, तेथे ती सवयच पुरेशी आहे.