लाव्हीची पिल्लं: पहिल्या तीन आठवड्यांचं खाद्य



लाव्हीची (बटेर) पिल्लं तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरायला लागली की आपण रोग समजून औषध सुरू करतो. त्याआधी खाद्याचा दाणा बघा. एक रुपयाची दोन नाणी तळहातावर ठेवा, एका दिवसाच्या पिल्लाचं वजन साधारण तेवढंच, ७-८ ग्रॅम. चोच किती बारीक असेल ते बघा! कोंबडीच्या पिल्लाचं क्रम्बल तिच्यात मावत नाही. भांडं भरलेलं दिसतं, पण पिल्लू उपाशी असतं.

त्यामुळे ब्रॉयलर प्री-स्टार्टर आणलं तरी ते मिक्सरमधून किंवा घरघंटीतून काढून बारीक रव्यासारखं करा. पीठ करू नका. पीठ चोचीला चिकटतं, डोळ्यांत जातं. दळलेलं खाद्य पावसाळ्यात लवकर ओल धरतं, म्हणून एका वेळी चार-पाच दिवसांपुरतंच दळा. पहिल्या आठवड्यात १०० पिल्लांना रोज ३००-४०० ग्रॅम खाद्य पुरतं, म्हणजे दळायचं काम फार नाही.

दुसरी गोष्ट प्रोटीनची. लाव्हीच्या पिल्लाला पहिले तीन आठवडे २४ ते २७ टक्के प्रोटीन लागतं, आणि ब्रॉयलर प्री-स्टार्टरमध्ये साधारण २२-२३ टक्के असतं. लाव्हीचं वेगळं खाद्य मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर ९ किलो प्री-स्टार्टरमध्ये १ किलो सोयाबीन पेंड (डीओसी) दळून नीट मिसळा, प्रोटीन २४ टक्क्यांच्या आसपास जातं. तीन आठवड्यांनंतर पेंड मिसळायची गरज नाही.

⚠️ इथे लक्ष द्या. पेंड म्हणजे घरचं कच्चं सोयाबीन नव्हे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनेच मोडतो. डीओसी तयार होताना ती उष्णता मिळालेली असते, आपल्या पोत्यातल्या दाण्याला नाही. घरात सोयाबीन पडलंय म्हणून दळून घातलं तर पिल्लं खातात पण वाढत नाहीत.

लेअरचं खाद्यही पिल्लांना नको. त्यात अंड्याच्या कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लाला एक टक्क्याच्या आत पुरतं. जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडावर येतं. आणि बुरशीचा वास येणारा मका किंवा शेंगदाणा पेंड "उन्हात वाळवली की चालते" असं समजू नका. वाळवल्याने बुरशी थांबते, तिने तयार केलेलं विष तसंच राहतं. दोनशे रुपयांची पेंड वाचवायला अख्खी बॅच घालवू नका.

पहिले दोन-तीन दिवस खाद्य भांड्यात न ठेवता खरबरीत पुठ्ठ्यावर किंवा गोणपाटावर पसरा, म्हणजे पिल्लं टोचायला शिकतात. गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नका, पाय फाकतात आणि पिल्लू परत उभं राहत नाही. ब्रूडरखाली ३५-३७ अंश ऊब हवी. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन बसली असतील तर त्यांना थंडी वाजतेय, अशी पिल्लं खाद्याकडे येतच नाहीत.

पाण्याचं तर विचारूच नका. बोटभर पाण्यातही ही पिल्लं बुडतात, आणि जे वाचतं ते भिजून गारठतं. ड्रिंकरच्या कडेच्या खाचेत मुलांच्या गोट्या किंवा धुतलेले खडे भरा, चोच जाईल पण पिल्लू जाणार नाही. आठवडाभर तरी ते काढू नका.

खाद्याच्या गोणीवरचं लेबल फेकू नका, फोटो काढून ठेवा. बऱ्याच ब्रॉयलर खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन मिसळलेलं असतं. त्यावर टियामुलिन हे औषध दिलं तर पक्ष्यांना विषबाधा होते. म्हणून औषध घेण्याआधी डॉक्टरांना लेबल दाखवा, दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नका.

ज्यांच्याकडे आत्ता पिल्लं आहेत त्यांनी दळलेल्या खाद्याचा तळहातावर ठेवून फोटो आणि ड्रिंकरचा फोटो ग्रुपवर टाका. मर चालू असेल तर फोटोची वाट न बघता सरळ फोन करा.