परीक्षेच्या दिवशीचे जेवण

परीक्षेस निघालेल्या मुलाच्या हातावर दहीसाखर ठेवण्याची चाल आपल्या घरांतून जुनी आहे. ते चमचाभर दही कोणाच्या पोटास कधी बाधले असेल असे मला वाटत नाही. अडचण होते ती त्याच्या आगेमागे जे येते त्याची. ‘आज दिवसभर डोके चालवायचे आहे, दोन घास जास्त खा’ हा आग्रह, मुद्दाम केलेला तुपाने थबथबलेला शिरा, कोणी तरी सांगितले म्हणून त्याच आठवड्यात आणलेले बदाम आणि एखादे नवेच शक्तिवर्धक पेय. या साऱ्यामागे माया आहे, यात शंका नाही. पण विशेष दिवसाला विशेष आहार हवा, असा एक समजही तिच्या पाठीशी उभा आहे, आणि तो तपासून पाहण्यासारखा आहे.

उदाहरणादाखल संघ लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा घेऊ. सरकारी नोकरीत असल्यामुळे तिचे उमेदवार मला वर्षानुवर्षे जवळून पाहावयास मिळाले आहेत. पाच दिवसांत नऊ प्रश्नपत्रिका, प्रत्येक तीन तासांची. अलीकडच्या वेळापत्रकानुसार सकाळची नऊ ते बारा व दुपारची अडीच ते साडेपाच. सर्वसाधारण प्रवर्गातील उमेदवारास वयाच्या ३२ व्या वर्षापर्यंत अवघ्या ६ संधी मिळतात. एक दुपार पोट धरून बसण्यात गेली, तर वर्ष जाते आणि त्या सहांतील एक संधीही जाते. तयारीची तीन-चार वर्षे पणाला लागलेली असताना काय खावे हा प्रश्न क्षुल्लक म्हणता येणार नाही.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. परंतु आपण स्वस्थ बसलो असताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज त्याला लागते. तथापि अवघड प्रश्न सोडविताना ही मागणी फारशी वाढत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नांगर धरणाऱ्याची भूक आणि उत्तरपत्रिका लिहिणाऱ्याची भूक एक नव्हे. तेव्हा ‘दोन घास जास्त’ या आग्रहाला शरीरशास्त्राचा आधार नाही. मेंदूला हवा असतो तो सावकाश, अखंड चालणारा पुरवठा. रात्रभराच्या उपवासाने यकृतातील साखरेचा साठा उतरलेला असतो, म्हणून सकाळी अगदी रिकाम्या पोटी जाणेही बरे नव्हे.

पुरवठा सावकाश कोणत्या अन्नाने होतो? टोरोंटोचे डॉ. डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ नावाचे एक माप मांडले. कोणता पदार्थ रक्तातील साखर किती झपाट्याने चढवितो, हे त्यावरून कळते. पांढरा पाव, गोड पेये ही मंडळी वेगवान. डाळी, कडधान्ये संथ. झपाट्याने चढलेली साखर कित्येकांत तितक्याच झपाट्याने उतरते, आणि मग ऐन अकराच्या सुमारास पुन्हा भूक लागून चित्त विचलित होते. आपल्या न्याहारीकडे या दृष्टीने पाहिले, तर ती मुळातच शहाणी आहे. पोह्यांत मूठभर शेंगदाणे पडले की त्यांचा वेग मंदावतो, कारण शेंगदाण्यात चौथा हिस्सा प्रथिने असतात आणि स्निग्धांशही भरपूर. मुगाचे धिरडे, थालीपीठ, भाकरी आणि उसळ, चालत असल्यास उकडलेली अंडी, यांतील जे सवयीचे असेल ते सातच्या सुमारास खावे, आणि थोडी भूक राखून उठावे.

सवयीचे हा शब्द मी जाणून वापरला आहे. बदाम वाईट नाहीत, पण एका रात्रीत ते स्मरणशक्ती वाढवीत नाहीत. ज्याने कधी ओट्स खाल्ले नाहीत, त्याने त्यांची ओळख निबंधाच्या पेपराच्या सकाळी करून घेऊ नये. चहाचेही तसेच. रोज दोन कप घेणाऱ्याने परीक्षेपुरता चहा सोडला, तर दिवसभरात डोके दुखू लागण्याचा संभव असतो. उलट, न घेणाऱ्याने जागरणासाठी कॉफी सुरू करणे तितकेच अविचाराचे. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जाण्यास सुमारे पाच तास लागतात. सायंकाळी सातला घेतलेला पेला मध्यरात्रीही अर्धाअधिक जागा असतो.

परंतु माझ्या पाहण्यात उमेदवार हुकतात ते सकाळी नव्हे, दुपारी. बारा वाजता केंद्राबाहेर पडल्यावर समोर गाड्या उभ्या असतात. दिल्लीत राजेंद्रनगर किंवा मुखर्जीनगर भागात खोली घेऊन राहणारी आपली मुले खानावळीच्या अन्नाला कंटाळलेली असतात. पहिला पेपर बरा गेला म्हणून छोले-भटुरे घेतात. तळलेले, मैद्याचे ते जेवण जठरातून बाहेर पडण्यास चार-चार तास घेते. जेवणानंतर रक्त पोटाकडे वळते आणि मेंदू उपाशी राहतो, असे पूर्वी सांगत. ते बरोबर नाही, मेंदूचा रक्तपुरवठा शरीर सहसा ढळू देत नाही. सुस्ती येते ती आतड्यांतून स्रवणाऱ्या काही द्रव्यांमुळे, आणि दुपारी शरीराच्या घड्याळाचाच काटा जरा मंदावतो म्हणून. म्हणजे न जेवताही थोडी पेंग येणारच. जड जेवण तीत भर घालते. शिवाय अलीकडे ही परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरात येते. पावसाळ्यातील उघड्यावरचे पाणी आणि चटणी यांविषयी अधिक सांगण्याची गरज नसावी.

यावर आपल्या पूर्वजांच्या प्रवासाच्या शिदोरीइतका चांगला उपाय मला दुसरा दिसत नाही. दुधात भिजविलेल्या कणकेच्या दशम्या किंवा धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, एखादे केळे. पहाटे केले तरी दुपारपर्यंत नासत नाही, हात चिकट होत नाहीत, उन्हातान्हात सांडत नाही. सकाळी शिजवून डब्यात कोंडलेला भात मात्र उकाड्याच्या दिवसांत पाच-सहा तासांनी खाणे धोक्याचे. त्यात विषारी जंतू वाढू शकतात. साडेबाराच्या आत जेवून घ्यावे, मग थोडे चालावे. पुढचे तासभर पुस्तकात तोंड खुपसण्यापेक्षा हे हितकर.

पाण्याबाबत दोन टोके दिसतात. वेळ मोडेल या भीतीने काहीजण पाणीच पीत नाहीत. साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरातील सव्वा लिटर पाणी कमी झाले, तरी अवधान ढळू लागते; मे-जूनमध्ये होणाऱ्या पूर्वपरीक्षेला नागपुरात बसणाऱ्यास ही वेळ लवकर येते. उठल्याबरोबर एक पेला, न्याहारीबरोबर एक, आणि नंतर घोटघोट, हे प्रमाण पुरेसे आहे. दुपारी पातळ ताक किंवा मीठ घातलेले लिंबूपाणी घ्यावे. ते बाटलीत घरूनच न्यावे.

मधुमेह असलेल्यांनी या सल्ल्यापेक्षा आपल्या डॉक्टरांचे ऐकावे. उपवासाचा वार आडवा आला, तर निर्णय घरातील वडीलधाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावा. साबुदाण्याची तुपकट खिचडी खाऊन तीन तास लिहिणे सगळ्यांनाच मानवते असे नाही. आणि ही सारी व्यवस्था परीक्षेच्या किमान पंधरवडाभर आधी, त्याच वेळा पाळून, एका-दोन सराव-पेपरांबरोबर करून पाहावी. कोणती न्याहारी बारापर्यंत पुरते, हे प्रत्येकाचे पोट निराळे सांगते.

रात्री आठाच्या आत मुगाची खिचडी, वर चमचाभर तूप, आणि झोप. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कंटाळा आला तरी. पाचव्या दिवशी साडेपाच वाजून गेले, की छोले-भटुऱ्यांना माझी काही हरकत नाही.