जेक्वेरीचे अपडेट : ‘चालतंय ना’ हे उत्तर नव्हे

जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या देखभाल-अपडेटबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज असा : साइट नीट चालते आहे, कोडला कुणी हात लावलेला नाही, म्हणजे जुन्या व्हर्जनला धोका नाही. मुळात साइट चालणे आणि ती सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोड वर्षानुवर्षे तसाच राहतो. पण त्यात दडलेली त्रुटी एके दिवशी उघडकीस येते, जाहीर होते, आणि तेव्हापासून हल्लेखोरालाही ती ठाऊक असते.

१० एप्रिल २०२० रोजी आलेले ३.५.० हे व्हर्जन याचा ढळढळीत पुरावा आहे. त्यात बुजवलेली सीव्हीई-२०२०-११०२२ ही त्रुटी १.२ पासूनच्या, म्हणजे २००७ पासूनच्या व्हर्जनांमध्ये होती. एचटीएमएलमध्ये डिव्ह टॅगच्या शेवटी तिरकी रेघ दिली तरी ब्राउझर तो टॅग बंद झाला असे मानत नाही. डेव्हलपरांची सोय म्हणून जेक्वेरी असे टॅग स्वतःच बंद करून देई. घात झाला तो याच सोयीने. समजा, कुणी प्रतिक्रियेत स्टाइल टॅग उघडला, त्याच्या आत तिरकी रेघ असलेला दुसरा स्टाइल टॅग लिहिला आणि पुढे इमेज टॅगमध्ये स्क्रिप्ट दडवली. स्टाइलच्या आतले सारे ब्राउझरच्या लेखी नुसती अक्षरे असतात, म्हणून धोकादायक कोड गाळणारा सॅनिटायझर हा मजकूर निर्धोक ठरवून पुढे सोडू शकतो. मग जेक्वेरी आतल्या टॅगला बंद करणारा टॅग जोडते, त्याने बाहेरचा स्टाइल टॅग बंद होतो, इमेज मोकळी होते आणि स्क्रिप्ट चालते. मजकूर आधी गाळून घेतला होता, हा बचाव इथे टिकत नाही. ३.५.० ने ही ‘सोय’च काढून टाकली.

त्याच रिलीजमध्ये बुजवलेली दुसरी त्रुटी, सीव्हीई-२०२०-११०२३, अमेरिकेच्या सिसा या सायबरसुरक्षा संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींच्या यादीत घातली. पॅच येऊन तेव्हा पावणेपाच वर्षे होत आली होती. तरीही ‘चालतंय ना’ म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

याच्या उलट टोकाचा समज म्हणजे मायनर अपडेट डोळे झाकून टाकावे, काही मोडत नाही. ३.५.० हे मायनरच होते. पण आपोआप टॅग बंद होण्यावर विसंबलेला कोड त्यात वेगळा वागू लागला, आणि कोड बदलावा लागू शकतो हे जेक्वेरीच्या टीमनेही तेव्हाच सांगितले होते. म्हणून अपडेट चाचणी घेऊनच टाकावे. मात्र चाचणीला वेळ नाही ही सबब वर्षानुवर्षे चालवून घेण्याजोगी नाही.

काही किरकोळ समज. लॉक फाइल असली की सुरक्षित? ती व्हर्जन गोठवते, त्रुटींसकट. सीडीएनवरून, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरवरून, घेतलेली जेक्वेरी आपोआप ताजी राहते? लिंकमध्ये लिहिलेले व्हर्जनच येते. जेक्वेरीच्या स्वतःच्या सीडीएनवरची ‘लेटेस्ट’ नावाची फाइलसुद्धा २०१४ पासून १.११.१ वरच थांबवलेली आहे. बरेच महिने रिलीज नाही म्हणजे लायब्ररी मेली? स्थिरावलेल्या लायब्ररीत रोज बदलण्यासारखे फारसे उरत नाही.

१ आणि २ या जुन्या शाखांनाही पॅच मिळत राहतील, हा भरवसा मात्र सर्वांत महाग पडतो. १.१२.४ आणि २.२.४ ही त्या शाखांची अखेरची व्हर्जने मे २०१६ मध्ये आली; २०२० चे दुरुस्तीकाम त्यांच्यापर्यंत पोचलेच नाही. या शाखांवर अडकलेल्या साइट्सनी जेक्वेरी मायग्रेट हे प्लगइन चाचणीच्या प्रतीत बसवावे, कन्सोलमधल्या इशाऱ्यांनुसार कोड दुरुस्त करावा आणि किमान ३.५.० च्या पुढे जावे. वर्डप्रेसने २०२० मध्ये हाच रस्ता टप्प्याटप्प्याने धरला आणि डिसेंबरमध्ये ५.६ सोबत ३.५.१ स्वीकारले.