बलकातला झेंडू

दसरा झाला की आमच्या दारावरचं तोरण उकिरड्यावर जात नाही, खुराड्यात जातं. बाजारच्या फुलांवर फवारणी असते, म्हणून तोरणाचा झेंडू परसातलाच. पाकळ्या सावलीत वाळवायच्या, चुरायच्या आणि मक्याच्या भरड्यात मूठभर कालवायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोडलेल्या अंड्याचा बलक जरासा तापल्यासारखा दिसतो, दहा-बारा दिवसांत चक्क केशरी होतो. पहिल्या वर्षी आत्या बशीत डोकावून म्हणाली, "कोंबड्यांना हळद चारलीस की काय रे?"

हळदही चारून पाहिली होती. बलक ढिम्म. हळदीचा पिवळा वेगळ्या घराण्यातला. बलकाला लागतात ती झँथोफिल, म्हणजे मका, हिरवा घास आणि झेंडूतली रंगद्रव्यं. ती कोंबडीला स्वतःच्या अंगात बनवता येत नाहीत. चोचीतून जाईल तेवढंच बलकात उतरतं. अंडाशयातला बलक शेवटच्या आठ-दहा दिवसांत झपाट्याने भरतो, कांद्यासारखा थरावर थर चढत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संशोधकांनी कोंबड्यांना चरबीत विरघळणारा तांबडा रंग ठरावीक दिवशी चारला. पुढे ती अंडी उकडून कापली, तर बलकात झाडाच्या खोडासारखी वलयं! म्हणून तर झेंडूचा पूर्ण रंग यायला दहा दिवस लागतात. आधीच्या अंड्यांचे बलक फक्त बाहेरच्या थरांत रंगलेले असतात.

गेल्या मे महिन्यात सांगली जिल्ह्यात विट्याकडच्या एका लेअर फार्मवर गेलो होतो. मालकांनी खणातून रंगपंखा काढला. फिकट पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंत क्रमाने लावलेली पंधरा पाती. काचेवर अंडं फोडायचं, बलकाशेजारी एकेक पातं धरायचं आणि जुळेल तो आकडा वहीत लिहायचा. "साहेब, मका महागला की आम्ही बाजरी नाहीतर तांदळाची कणी घालतो. मग बलक पांढुरका पडतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, अंडं शिळं आहे." त्यावर उतारा म्हणून खाद्यात विटकरी रंगाची भुकटी मिसळतात. तोच आपला झेंडू, पण बराच प्रवास करून आलेला. कर्नाटक-तमिळनाडूत कंपन्यांशी करार करून शेतकरी तो पिकवतात. फुलं मुरघासासारखी दाबून मुरवतात, वाळवतात आणि हेक्झेनमध्ये त्यांचा अर्क काढतात. फुलातलं ल्युटीन स्निग्धाम्लांना चिकटलेलं असतं. अल्कली वापरून ते सुटं केलं की कोंबडीच्या आतड्याला जास्त चांगलं शोषता येतं. डोळ्यांसाठीच्या महागड्या गोळ्यांत असतं तेही हेच ल्युटीन!

पंख्याची वरची पाती गाठायची तर पिवळ्यावर लाल चढवावा लागतो. त्यासाठी मिरचीचा अर्क. कोंबडीला तिखट लागत नाही का? नाही. पक्ष्यांच्या चेतातंतूंना मिरचीचा झोंबणारा गुण जाणवतच नाही. आमची एक तलंग लवंगी मिरच्या पेरूसारख्या खायची.

आणि झेंडू तरी आपला कुठला? तो मुळात मेक्सिकोचा. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पितरांसाठी त्याच्या पाकळ्यांच्या वाटा घालतात, इकडे आपण त्याच सुमारास लक्ष्मीसाठी माळा ओवत असतो.

बाकीच्या वनस्पती-अर्कांचं थोडक्यात उरकतो. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालायला युरोपने 1 जानेवारी 2006 पासून पूर्ण बंदी केली आणि कंपन्या लसूण, ओरेगॅनो, थाइम यांच्याकडे वळल्या. थाइममधला थायमॉल म्हणजे आपलं ओव्याचं फूल. भारतात 2019 मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकावर पशुपालनासाठी बंदी आली. या अर्कांवरच्या प्रयोगांचे निकाल मात्र एका सुरात बोलत नाहीत. माझं मत विचाराल तर आधी शेड स्वच्छ करा, मग ओवा घाला.

मी स्वतः एकदा फसलो आहे. एप्रिलमध्ये अंड्यांची टरफलं पातळ व्हायला लागली म्हणून एक 'हर्बल' टॉनिक आणलं. बाटलीवर वनस्पतीचं नावसुद्धा नव्हतं. टरफलं तशीच राहिली. खरं कारण उन्हाळा. कोंबड्या खातात कमी आणि धापा टाकतात. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या टरफलाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. पत्र्यावर ओली पोती टाकली, शिंपल्याचा चुरा पहाटेच्या गारव्यात ठेवला, तेव्हा कुठे फरक पडला. पांढऱ्याचंही तसंच. अंडं फोडल्यावर घट्ट पांढरा किती उंच उभा राहतो यावरून ताजेपणा मोजायची रीत रेमंड हॉ यांनी 1937 मध्ये दिली. पंधरा दिवस उन्हात पडलेल्या अंड्याचा तो आकडा कुठलाच पाला वर आणणार नाही.

वनस्पती बिघाडही करतात, बरं का. सरकीची पेंड जास्त झाली तर तिच्यातल्या गॉसिपॉलने साठवलेल्या अंड्याचा बलक शेवाळी पडतो.

निघताना फार्मच्या मालकांना विचारलं, घरी कुठली अंडी खाता? "गावरान. त्या काय कोंबड्या मागं उकरतायत." डालग्याखालून एक अंडं आणून त्यांनी काचेवर फोडलं. शिवारात हिरवं पान नव्हतं, कोंबड्या ज्वारीच्या दाण्यांवर होत्या. पंखा सरकत सरकत चौथ्या पात्यावर थांबला. त्यांनी आकडा वहीत लिहिला नाही.