वाळूत इंजिनाची मस्ती चालत नाही

थंडी पडली की दुबई-शारजातल्या मराठी मंडळींच्या शनिवार-रविवारच्या बेतात वाळवंट हमखास असतं. कुणी लहबाबच्या तांबड्या वाळूत जातं, कुणी हत्ता रस्त्यावरच्या अल बदायरच्या टेकड्यांवर. पण टूरवाल्याच्या गाडीत मागे बसून पोट ढवळून घेणं वेगळं आणि स्वतः स्टिअरिंग धरणं वेगळं. रस्त्यावर वीस वर्षं गाडी हाकलेला माणूसही वाळूत शिकाऊच असतो. शिवाय तो बरेच गैरसमज सोबत घेऊन येतो, आणि त्यातले बहुतेक ‘जोर लावला की जमतं’ या एकाच समजुतीतून आलेले असतात.

गैरसमज : गाडी जितकी मोठी, तितकी वाळूत सरस.
वस्तुस्थिती : फोर-बाय-फोर हवी आणि गाडीचं पोट जमिनीपासून उंच हवं, हे खरं. सेडान किंवा शहरी एसयूव्ही नवख्यानं वाळूत घालूच नये. पण एवढं जमलं की पुढे वजनाचा प्रश्न येतो. तीन दरवाजांची सुझुकी जिम्नी साधारण 1,100 किलोंची, तर लँड क्रूझर सुमारे अडीच टनांची. उंच चढावर मोठं इंजिन कामाला येतं. मऊ वाळूत मात्र हलकी गाडी निघून जाते आणि जड गाडी बसते.

गैरसमज : टायरमधली हवा कमी केली की टायर खराब होतो.
वस्तुस्थिती : हवा सोडणं हाच वाळूतला पहिला धडा. रस्त्यावर 32 ते 35 पीएसआय दाब असतो. मऊ वाळूसाठी शिकाऊ चालकानं तो 15च्या आसपास आणावा. व्हॉल्व्हचं टोपण काढायचं, आतली पिन दाबून धरायची आणि मधूनमधून गेज लावून बघायचं. टायर खाली बसत जातो, त्याच्या कडा फुगतात आणि वाळूतला ठसा लांब होतो. रुंदी थोडीच वाढते, खरा फरक पडतो तो लांबीत.

हिशेब सोपा आहे. एका चाकावर 600 किलोंचा भार धरला आणि टायरच्या कडांचा ताठरपणा बाजूला ठेवला, तर 35 पीएसआयला टायर साधारण 240 चौरस सेंटीमीटर जागेवर टेकतो, 15 पीएसआयला साधारण 570. तोच भार दुपटीहून जास्त जागेवर पसरतो आणि गाडी रुतत नाही. टायर बिघडतो तो अतिरेकानं. दाब 10च्या खाली नेला आणि वेगात वळण घेतलं, तर टायर रिमवरून निसटू शकतो. आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी कॉम्प्रेसरनं हवा पूर्ववत भरायलाच हवी. कमी हवेचा टायर हायवेच्या वेगात तापतो आणि फुटतो.

गैरसमज : वेगात मारली की गाडी अडकत नाही.
वस्तुस्थिती : लागतो तो वेग नव्हे, एकसारखी गती. ती चढ सुरू होण्याआधी घ्यायची आणि माथा जवळ आला की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सैल करायचा. पलीकडे खड्डा आहे, थांबलेली गाडी आहे की उंट, हे माथ्यावर पोचेपर्यंत दिसत नाही. हवेत उडालेली गाडी नाकावर आपटते. मग सस्पेन्शन जातं आणि माणसाचे मणकेही जातात. माथ्यापलीकडचं दिसत नाही म्हणूनच गाडीवर उंच काठीचा झेंडा लावतात आणि एका टेकडीवर एका वेळी एकच गाडी चढते.

ब्रेकही करकचून मारायचा नाही, कारण चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो. पाय उचलला की वाळूच गाडी थांबवते. थांबताना नाक उताराकडे ठेवलं की पुन्हा निघणं सोपं जातं. शिकायला सकाळची वेळ चांगली. भर दुपारी सावल्या आखूड पडतात आणि समोरचा खड्डाही सपाट दिसतो.

गैरसमज : नव्या गाडीतली यंत्रणा सगळं सांभाळते.
वस्तुस्थिती : घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणं आणि इंजिनाची ताकद कमी करणं हे ट्रॅक्शन कंट्रोलचं काम. ओल्या रस्त्यावर त्यामुळे जीव वाचतो. वाळूत चाकं थोडी घसरणारच, त्यामुळे ही यंत्रणा नेमकी अर्ध्या चढावर ताकद काढून घेते. म्हणून ती बंद करतात किंवा वाळूसाठीचा मोड लावतात. आपल्या गाडीत ते कसं करायचं, हे मॅन्युअलमध्ये आधी बघून ठेवावं.

गैरसमज : तीव्र उतार तिरका उतरावा.
वस्तुस्थिती : घाटातल्या वळणांवर हात बसलेल्या आपल्याला हे चटकन पटतं आणि तिथेच घात होतो. टेकडीची वाऱ्याकडची बाजू साधारण 10 ते 15 अंशांची आणि घट्ट असते. आडोशाची बाजू 30 ते 34 अंशांची, म्हणजे सुटी वाळू जेमतेम टिकते तेवढी. तिथे गाडी तिरकी झाली की खालच्या बाजूची चाकं रुततात आणि गाडी कलंडते. उतरायचं ते सरळ, खालच्या गिअरमध्ये. मागची बाजू घसरू लागली तर स्टिअरिंग उताराच्या दिशेनं वळवून किंचित अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. वरच्या बाजूला वळवण्याचा मोह होतो. तोच गाडी उलटवतो.

गैरसमज : अडकलात तर अ‍ॅक्सिलरेटर दाबा.
वस्तुस्थिती : चाक जागच्या जागी फिरलं की ते विहीर खणतं. पोट वाळूला टेकलं की चारही चाकं निकामी. पुढे सरकणं थांबल्याचं कळताच पाय उचला आणि आल्या चाकोरीतून हळूच मागे घ्या. ती वाळू आधीच दबलेली असते. जमलं नाही तर फावडं काढा, चाकांसमोरची आणि पोटाखालची वाळू उपसा, हवा आणखी थोडी सोडा आणि फोर-बाय-फोरच्या लो रेंजमध्ये प्रयत्न करा.

गैरसमज : अडकलेली गाडी दुसऱ्या गाडीनं ओढताना दोर कुठेही बांधला तरी चालतो.
वस्तुस्थिती : हा सगळ्यांत घातक गैरसमज. ट्रेलर ओढण्याचा गोळा अडकलेली गाडी उपसण्यासाठी नसतो. झटक्यानं तो तुटला तर गोळीसारखा येतो. अशा अपघातांत माणसं मेली आहेत. दोर बांधायचा तो त्यासाठीच दिलेल्या मजबूत हुकाला. आणि ओढताना बघ्यांनी दोराच्या रेषेपासून लांब राहायचं.

गैरसमज : सपाट जमीन सुरक्षित.
वस्तुस्थिती : टेकड्यांमधल्या आणि किनाऱ्यालगतच्या पांढुरक्या खारपट जमिनीला तिकडे सबखा म्हणतात. वर मिठाची कडक पापडी, खाली चिखल. पापडी फुटली की गाडी वाळूपेक्षा वाईट रुतते. नवख्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

गैरसमज : वाळू म्हणजे मोकळं रान, कोकणात सुट्टीत सराव होतो.
वस्तुस्थिती : वाळवंटातही राखीव क्षेत्रं आणि उंटांची कुंपणं असतात. तिथला घाफ वृक्ष म्हणजे आपली शमी. त्याला तिथे संरक्षण आहे. कोकणातला किनारा तर शिकण्याची जागाच नव्हे. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, आणि रुतलेली गाडी काढेपर्यंत भरतीचं पाणी थांबत नाही. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदीच आहे.

शिकायचं असेल तर जाणत्या गटाबरोबर जा. एकट्या गाडीनं कधीच नको. भरपूर पाणी, फावडं, गेज, कॉम्प्रेसर आणि दोर सोबत ठेवा; विमा रस्त्याबाहेरचं नुकसान भरून देतो का, हे निघण्याआधी बघा. आणि वाट चुकलीच, तर गाडी सोडून पायी निघू नका. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.